पासवर्डचा रकाना

2007 सालची गोष्ट. मनोरीहून मार्वेला जाणाऱ्या बोटीत एक माजी विद्यार्थी भेटला. म्हणाला, "सर, आपल्या बॅचेसची वेबसाइट करतोय. तुमची यादी द्याल?" जनरल रजिस्टरच्या क्रमांकानुसार मी वर्षानुवर्षे जपलेली यादी ती. आनंदाने दिली.

अडचण पुढेच होती. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट 2.0 मध्ये (हे 2005 साली आले) लॉगिनची कोठी तयारच मिळे, पण तिचे तक्ते ठरलेले. आमची यादी त्यात बसेना. मात्र एक सोय होती. 'मेंबरशिप प्रोव्हायडर'च्या साच्यावर आपला स्वतःचा प्रोव्हायडर लिहायचा आणि वेब डॉट कॉन्फिग फाइलीत त्याचे नाव नोंदवायचे. मग लॉगिनचे पान आपल्याच यादीला विचारते, "हा माणूस खरा का?" उत्तर फक्त हो किंवा नाही.

यादीत पासवर्डचा एक रकाना वाढवला आणि काम झाले. महिन्याभराने तपासायला म्हणून मी यादी छापून घेतली, तर सगळ्यांचे पासवर्ड माझ्यासमोर! वर्गातल्या एका अबोल मुलाने वारलेल्या आईचे नाव ठेवले होते. दुसऱ्याचे पत्र फोडून वाचल्यासारखे वाटले.

गंमत म्हणजे मी इतिहासाचा मास्तर, आणि हा इतिहास जुनाच निघाला. 1961 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो यांच्या चमूने एकच संगणक अनेकांनी वापरायची पद्धत दाखवली. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून तिथे पासवर्ड आले. त्याच दशकात एकदा दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्याला रोजच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसले! पुढे 1979 साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी लेख लिहून सांगितले की पासवर्ड जसाच्या तसा ठेवूच नये. त्यात प्रत्येकासाठी वेगळे 'मीठ' मिसळावे आणि उलटे फिरवता येणार नाही असे रूप साठवावे. मायक्रोसॉफ्टची कोठी मुळात हेच करत होती. आम्ही कोठी बदलली, आणि तिच्याबरोबर तिची राखणही टाकून दिली.

विद्यार्थ्याने त्याच आठवड्यात प्रोव्हायडर सुधारला, जुना रकाना पुसला. मी छापील कागद जाळले आणि सर्वांना कळवले की तुमचे पासवर्ड मी पाहिले आहेत, इतरत्र तेच वापरत असाल तर बदला. ते लिहिताना हात जड झाला होता.

आपली यादी आपल्याकडे असावी, हा हट्ट अजूनही आहे. पण राखणही आपल्यालाच करावी लागते. असो.