वय उतरतं, ओळख राहते
मैत्रिणींनो, ययातीला तारुण्य हवं होतं, तेव्हा पुरूला स्वतःचं द्यावं लागलं. विज्ञानाने वेगळी वाट धरली. जपानच्या शिन्या यामानाका यांनी चार जनुकं घालून 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी मूळपेशींसारख्या केल्या. याला सुमारे 50 दिवस लागतात. 2022 मध्ये केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम संस्थेने ही क्रिया 13 दिवसांतच थांबवली. पेशी पुन्हा त्वचेच्याच झाल्या, पण वय सुमारे 30 वर्षांनी उतरलेलं दिसलं! हे प्रयोगशाळेच्या बशीत घडलं. क्रिया लांबली तर पेशी आपली ओळखच विसरते. उंदरांच्या अंगात अशा गाठी झाल्या. गुंदच्या रानात जुन्या झाडाला पालवी फुटते, झाड मात्र तेच राहतं. वय विसरावं बाई, आपण कोण ते विसरू नये.