सोमा, मोह आणि सरकारी शिक्का

ऑल्डस हक्सलीची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही कादंबरी 1932 साली आली. तिच्यातल्या जगात कुणी दुःखी नसतं. मन जरा खट्टू झालं की सोमा नावाची गोळी घ्यायची. गोळ्या सरकारच वाटतं. कामगारांची शिफ्ट संपली की रेशनसारखा गोळ्यांचा डबा हातात येतो. कुठे दंगल झाली तर पोलीस लाठ्या घेऊन येत नाहीत, सोमाची वाफ फवारतात. दोन मिनिटांत सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात.

नाव वेदांतल्या सोमरसावरून घेतलंय, हे उघड आहे. हक्सली 1925 साली मुंबईत उतरला होता आणि पुढे देशभर फिरून त्याने प्रवासवर्णनही लिहिलं. पण मुंबई इलाख्यातच, मुंबईपासून शे-सव्वाशे किलोमीटरवर, नशा आणि सरकार यांचा एक खराखुरा खेळ तेव्हा पन्नासेक वर्षं चालू होता. तो त्याच्या कानावर आला असेल असं वाटत नाही. आपल्याही कानावर तो फारसा येत नाही. शाळेच्या पुस्तकात मिठाचा कायदा असतो, मोहाचा नसतो.

मोखाडा, जव्हार, विक्रमगड या पट्ट्यात मोहाचं झाड म्हणजे घरचं माणूस. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात, बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात. फुलं वाळवून ठेवायची आणि धान्य संपलं की शिजवून खायची. बियांचं तेल काढायचं. आणि हो, दारूही गाळायची. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्याकडे लग्न, बारसं, मयत, देवाचं काम यांतलं काहीच मोहाच्या धारेशिवाय पुरं होत नसे. आधी थोडी देवाला, मग माणसांना. ही दारू विकायची वस्तू नव्हती. ज्याच्या घरी कार्य त्याच्या घरी मडकं चढायचं, एवढा साधा हिशेब.

1878 साली मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा आला. त्यामागचं गणित सोपं होतं. घरोघरी गाळलेल्या दारूवर कर कसा बसवणार? म्हणून घरची भट्टी गुन्हा ठरली. दारू गाळायची ती सरकारमान्य मोठ्या भट्ट्यांत. उरणच्या भट्ट्या त्यासाठी प्रसिद्ध होत्या, तिथे गुजरातेतून मोहाची फुलं यायची. विकायची ती मक्ता घेतलेल्या दुकानदाराने. ताडी काढायची तर झाडामागे कर. हळूहळू आबकारीचं उत्पन्न इतकं वाढलं की जमीन महसुलाच्या खालोखाल सरकारची तिजोरी त्याच्यावर भरू लागली.

पण ठाणे जिल्ह्याच्या जंगलात भट्टी लपवायला जागा कमी नव्हती. मग सरकारने भट्टी सोडून फुलालाच हात घातला. 1892 चा मुंबई मोहवा कायदा खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी केलेला होता. फुलं गोळा करणं, बाळगणं, वाहून नेणं, सगळ्यावर बंधनं. जव्हार तेव्हा मुकणे राजांचं संस्थान होतं, पण मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून. म्हणजे आपल्याच दारातल्या झाडाखाली पडलेलं फूल उचलून घरात वाळत घातलं, तर मोखाड्यातला माणूस संशयित. डिस्टोपियन कादंबऱ्यांत सरकार माणसाच्या डोक्यातल्या विचारांवर पहारा ठेवतं. इथे पहारा टोपलीवर होता.

हक्सलीच्या जगाशी तुलना करताना एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. तिथलं सरकार आनंद फुकट वाटतं. इथे आनंद लोकांकडे आधीपासून होता. सरकारने तो काढून घेतला, त्यावर शिक्का मारला आणि दुकानातून परत विकला. लग्नाला दारू तर लागणारच. पूर्वी ती फुलं आणि सरपण यांत व्हायची, आता पैसे लागू लागले. पैसे नसले तर दुकानदार उधार द्यायचा. बरेचदा हा दुकानदार, त्या काळी बहुतेक पारशी, सावकारही असे आणि जमीनदारही. उधारी वाढली की शेतीचा तुकडा जायचा आणि कालचा मालक त्याच शेतावर मजूर व्हायचा.

डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात तर ‘लग्नगडी’ हा शब्दच होता. लग्नासाठी कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत सावकाराच्या घरी राबायचं. ते फिटत नसे. नवरा बांधला जायचा, त्याच्यासोबत नवरीही. सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने 1930 च्या दशकाच्या शेवटी इलाख्यातल्या आदिवासींवर अहवाल लिहिला, त्यात या वेठीचं वर्णन आहे. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचलं नसेल तर त्यासाठी तरी वाचा. चार दिवसांच्या आनंदाची किंमत म्हणून आयुष्य लिहून देणं, यासाठी कल्पित भविष्यकाळात जायची गरज नव्हती.

हक्सलीच्या कादंबरीत जॉन नावाचा एक ‘रानटी’ तरुण आहे. कामगारांना सोमा वाटला जात असताना तो गोळ्यांचे डबे खिडकीतून बाहेर फेकतो आणि ओरडून सांगतो की मी तुम्हाला मोकळं करायला आलोय. कामगार त्याच्यावरच धावून जातात.

आपल्याकडे हा प्रसंग दहा वर्षं आधी घडला होता, आणि वेगळा घडला. 1922 च्या सुरुवातीला पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांत एक देवी अंगात येऊ लागली. ती डोंगराकडे सरकली, नाशिककडचा डोंगराळ भाग आणि डांग ओलांडून वर्षअखेरीस सुरत जिल्ह्यात पोचली. तिथे नोव्हेंबरात आदिवासी गावोगाव मांडव घालून जमत होते. अंगात आलेली माणसं देवीचा हुकूम सांगायची: दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज अंघोळ करा, दारूवाल्यांच्या कामाला जाऊ नका. लोकांनी ऐकलं. गावंच्या गावं एका दमात कोरडी झाली. गांधींचं नाव त्यात नंतर मिसळलं. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर 1987 साली पुस्तक लिहिलं, नाहीतर ‘अंधश्रद्धा’ म्हणून ती कुठल्या तरी फायलीत राहिली असती.

यात कुणी बाहेरचा जॉन नव्हता. सुख नाकारायचं हे लोकांनी स्वतः ठरवलं, देवीच्या तोंडून. आणि गंमत अशी की दारू सोडणं हे सरकार आणि मक्तेदार दोघांनाही बंडासारखं वाटलं, कारण गल्ला रिकामा राहिला. काही ठिकाणी दारूवाल्यांनी माणसांना धरून जबरदस्तीने दारू पाजली, शपथ मोडावी म्हणून. ‘सोमा घे नाहीतर घशात ओततो’ इथपर्यंत हक्सलीची कल्पनासुद्धा गेली नव्हती.

देवीचा अंमल सगळीकडे टिकला नाही. अनेक गावं पुन्हा प्यायला लागली. मला ते अपयश वाटत नाही. काही महिने का होईना, कुणाच्या परवानगीशिवाय ‘नको’ म्हणता येतं हे लोकांनी बघितलं होतं. 1945 साली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी बंद पाडले, तेव्हा त्यांच्या अंगात देवी नव्हती, हातात लाल बावटा होता. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मारले गेले. त्या गोष्टीवर वेगळा लेख हवा.

स्वातंत्र्य आलं आणि शिक्क्याचा मजकूर बदलला. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणंच बंद केलं, आणि मोहाच्या फुलांवरचं नियंत्रणही त्यात आलं. ब्रिटिशांना महसूल हवा होता, नव्या सरकारला सुधारणा. पण मोखाड्यातल्या बाईच्या टोपलीकडे बघायची दोघांची नजर सारखीच. पुढे 1973 च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकानं आली. तिथे मिळते ती मळीपासून केलेली, बाटलीबंद, लेबल लावलेली.

2021 साली महाराष्ट्र सरकारने आदिवासींना मोहाची फुलं गोळा करण्यावर आणि साठवण्यावर असलेले निर्बंध उठवले. आता फुलं वेचता येतात, वाळवता येतात, विकता येतात. कार्याच्या आदल्या दिवशी घरी मडकं चढवायचं असेल, तर तो अजूनही गुन्हाच आहे.