मत कुणाचे वाढले? जॅक्सनच्या अमेरिकेचा धडा

अमेरिकन लोकशाहीचे गोडवे गाणारे अँड्र्यू जॅक्सनचे नाव हमखास घेतात. गरीब घरात जन्मलेला, घराण्याचे वलय नसलेला माणूस १८२८ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. त्या काळाला 'सामान्य माणसाचे युग' म्हणतात. आमचा प्रश्न साधा आहे : हा सामान्य माणूस कोण होता?

आधी जे खरे आहे ते मान्य करू. स्वातंत्र्यानंतर तिथल्या बहुतेक राज्यांत जमीन वा मालमत्ता असलेल्यालाच मत होते. कारागीर, मजूर, छोटे शेतकरी याविरुद्ध झगडले आणि एकेका राज्याने ही अट काढून टाकली. १८३२ पर्यंत दक्षिण कॅरोलिना वगळता सर्व राज्यांत राष्ट्राध्यक्षाचे निर्वाचक थेट मतदार निवडू लागले. १८२४ मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास मते पडली होती. १८२८ मध्ये ती अकरा लाखांवर गेली. १८४० मध्ये तर पात्र मतदारांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी मत दिले. ही लहान गोष्ट नव्हती.

पण याच काळातले दुसरे पान शाळेत शिकवले जात नाही. न्यूयॉर्कच्या १८२१ च्या राज्यघटनेने गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट जवळपास संपवली आणि काळ्या पुरुषांसाठी मात्र २५० डॉलरच्या मालमत्तेची अट घातली. न्यू जर्सीत काही स्त्रिया आणि मुक्त काळे लोक मतदान करत असत. १८०७ मध्ये दोघांचाही हक्क काढून घेतला. पेनसिल्व्हेनियाने १८३८ मध्ये घटनेत 'गोरा' हा शब्द घुसवला. रॉबर्ट पर्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस हजार काळ्या नागरिकांच्या वतीने जाहीर आवाहन केले. ते कुणी ऐकले नाही.

आणि जॅक्सन? तो स्वतः गुलामांचा मालक होता. १८३० मध्ये त्याने आदिवासींना हुसकावण्याच्या कायद्यावर सही केली. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला, तरी १८३८ मध्ये त्यांना लष्कराच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकलले. त्यात हजारो माणसे मेली. ज्यांच्या जमिनीवर हे 'युग' उभे राहिले, त्यांना मत नव्हतेच.

म्हणजे मालमत्तेची भिंत पाडली आणि तिच्याच विटांनी रंगाची भिंत उंच केली. गरीब गोऱ्याला मालकाइतकी संपत्ती मिळाली नाही; त्याला 'मी काळ्यापेक्षा वरचा' एवढा मान मिळाला आणि तो त्यावर समाधानी राहिला. मित्रांनो, हे ओळखीचे वाटते ना? बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात, तिचे बळ इथेच असते : खालच्या पायरीवर कुणीतरी आहे, या समाधानात माणूस वरच्या पायरीविरुद्ध लढत नाही.

आपल्या चळवळीने अमेरिकेकडे डोळस नजरेने पाहिले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी मोडण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकनांना. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा काळ्यांना मताचा हक्क देणारी १८७० ची घटनादुरुस्ती होती, पण दक्षिणेत कर आणि साक्षरतेच्या अटी लावून ती कागदावरच ठेवली होती. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि प्रतिनिधित्व दोन्ही मागितले. मतदार वाढले म्हणजे वंचितांचे राज्य आले, असे त्यांनी कधीच मानले नाही.

म्हणून 'बहुमताला हवे ते होऊ द्या, संरक्षणे कशाला?' असे कुणी म्हणाले, तर आपण त्याला १८३८ ची अमेरिका दाखवावी. तिथे मते उदंड होती, सभा उदंड होत्या, पक्ष जोरात होते. समता नव्हती. प्रौढ मताधिकार आपल्याला संविधानाने पहिल्याच दिवसापासून दिला. राखीव जागा आणि मूलभूत हक्क त्याच्या सोबतच दिले. त्यातले एक ठेवून दुसरे काढा म्हणणारा माणूस कोणत्या बाजूचा आहे, हे आपण इतिहासावरून ओळखायला शिकले पाहिजे.

जय भीम!