घोळीची किंमत शून्य

वर्धा स्टेशनातून बाहेर पडताच अंगावर येतो कोळशाचा धूर आणि त्यामागोमाग घोड्याच्या लिदीचा वास. 1935 सालचा पावसाळा सरत आलाय. आभाळ मोकळं झालंय आणि ऊन असं चटकतंय की सदरा पाठीला चिकटून बसलाय. "कुठं जाता जी?" टांगेवाला विचारतो. मगनवाडी म्हणा. तो तुमच्याकडे वरून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, "जेवून आले ना जी?" त्याने असं का विचारलं, ते तुम्हाला दुपारी कळेल.

टांगा हिसके देत निघतो. धूळ नाकात जाते, बैलगाड्यांच्या घुंगरांनी कान भरतात. जमनालाल बजाजांनी आपला हा बगीचा नुकताच अखिल भारत ग्रामोद्योग संघाला दिलाय, आणि गांधीजींचा मुक्काम सध्या इथेच आहे. फाटकाशी उतरलात की आधी ऐकू येते ती तेलघाणीची कुरकुर. बैल गोल फिरतोय आणि लाकूड लाकडावर रडतंय. जरा पुढे गेलात की ताज्या तेलाचा कोमट, गोडसर वास येतो. इथे बघ्या म्हणून कुणी उभं राहत नाही. तुमच्याही हातात लगेच जात्याचा खुंटा येतो. पाच मिनिटांत दंड भरून येतात, कपाळावरचा घाम भुवईतून डोळ्यात उतरतो. पीठ मात्र गरम आणि खमंग निघतं. मूठभर पीठ नाकाशी धरून बघा, गिरणीच्या थंड झालेल्या पिठाला हा वास नसतो.

आता स्वयंपाकघरात या, खाली वाकूनच, कारण धूर डोक्याच्या उंचीवर साठलाय. चुलीवरच्या पातेल्यात पिवळसर दाणे रटरटताहेत आणि त्यांना कच्चट, उग्र असा वास आहे. सोयाबीन! वर्ध्याकडच्या तुम्हाला त्यात नवल वाटणार नाही, पण आज त्या टांगेवाल्याने हा दाणा जन्मात पाहिलेला नाही. बोटाने दाबून बघा. अजून दगडच आहे.

इथे काय चाललंय ते नीट समजून घ्या, कारण या धुरात एक गणित शिजतंय. गावातल्या गरिबातल्या गरिबाला परवडेल असं, अंगाला सगळं पुरवणारं अन्न कोणतं? खर्च कमीत कमी हवा, पण ताकद, रक्त, हाडं यांतलं काहीही उणं पडता कामा नये. त्यावर मगनवाडीची आपली एक अट आहे : वस्तू गावात पिकणारी, गावात दळली-कांडली-गाळली जाणारी हवी. म्हणून तांदूळ हातसडीचा, साखरेऐवजी गूळ, तेल घाणीचं. ज्याला पुढे गणिती लोक मर्यादांखालचं इष्टतम उत्तर म्हणणार आहेत, ते इथली माणसं रोज ताटात वाढून घेताहेत.

जेवणाची घंटा होते. रांगेत मांडी घालून बसा. जमीन गार आहे, घोट्यांना माशा चावताहेत. पानात जाड पोळी, शिजवलेलं सोयाबीन, गुळाचा खडा आणि हिरव्या कच्च्या पाल्याची मूठ पडते. मसाला नाही, तिखट नाही. विदर्भातला माणूस मिरचीवाचून जेवतोय, म्हणजे काय ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. आणि हा पानाच्या कडेला पडलेला हिरवा गोळा कडुलिंबाचा आहे. जीभ आक्रसते, डोळ्यांत पाणी येतं. टांगेवाल्याचा प्रश्न आठवला ना?

पण तो पाला चावत राहा. जरासा आंबट, रसाळ, दाताखाली कुरकुरणारा. ही घोळ आहे. गांधीजी कित्येक महिने कच्च्या अन्नावर राहून बघत होते, आणि चार पानांसाठी वर्ध्याच्या बाजारावर अवलंबून राहावं लागतं, हे त्यांना खटकत होतं. एका सकाळी आश्रमातल्या छोटेलालजींनी गवतात आपोआप उगवलेला एक पाला त्यांच्यापुढे आणून ठेवला. ती घोळ, त्यांच्या गुजरातीत लुणी. खाल्ली आणि मानवली. मग आणखी एके दिवशी चाकवत आला, तोही मानवला. 'हरिजन'मध्ये त्यांनी हे सगळं लिहिलं.

मला या सबंध कथेत ही घोळच सर्वांत मोलाची वाटते. हिशेबाच्या वहीत प्रत्येक वस्तूपुढे काही आणे-पैसे लिहावेच लागतात आणि हिच्यापुढे शून्य. खर्चाचा आकडा खाली आणायला याहून चांगली वस्तू मिळणार नाही. ती पायाखालीच होती, फक्त कुणी यादीत घेतली नव्हती.

जेवण झालं तरी सुटका नाही. विहिरीशी चला. राख आणि नारळाच्या काथ्याने काजळी धरलेली पातेली घासायची आहेत. तुमच्या शेजारी कोपरापर्यंत काळे झालेले दोघे बसलेत : संघाचे सचिव जे. सी. कुमारप्पा, लंडन आणि न्यूयॉर्कला शिकलेले हिशेबनीस आणि अर्थतज्ज्ञ. आणि स्वतः बापू. तेवढ्यात कस्तुरबा येतात. हे काम तुमचं नव्हे म्हणत बापूंच्या हातातलं पातेलं काढून घेतात आणि स्वतः घासायला बसतात. हा प्रसंग पुढे कुमारप्पांनी सांगून ठेवलाय.

आता हात धुवा आणि डोळे मिटा. कुरकुर थांबून खटखट ऐकू येतेय? बारा वर्षं पुढे, अमेरिकेत एका खोलीत नऊ कारकून हाताने चालवायच्या गणनयंत्रांशी झुंजताहेत. बोटं दुखताहेत आणि कागदांचे ढीग वाढताहेत. प्रश्न ओळखीचाच आहे. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने 1945 साली तो मांडला : 77 खाद्यपदार्थ, 9 पोषक घटक, वर्षाचा खर्च कमीत कमी. त्याने अंदाजाने, पण मोठ्या चतुराईने उत्तर काढलं होतं : 39 डॉलर 93 सेंट. गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळलेला घेवडा. दुधाचा डबा बाजूला ठेवा आणि मगनवाडीचं पान आठवा : पीठ, पाला आणि शेंगेतला दाणा. 1947 साली गणितज्ञ जॉर्ज डँट्झिगच्या नव्या सिम्प्लेक्स पद्धतीने या नऊ जणांनी तेच गणित पुन्हा केलं. एका माणसाला 120 दिवस लागतील एवढं काम झालं आणि उत्तर आलं 39 डॉलर 69 सेंट. चोवीस सेंट वाचले.

ही पद्धत समजायला वर्ध्याचं शेत पुरे. प्रत्येक अट म्हणजे एक धुरा, शेताचा बांध. लोह इतकं हवं, हा एक धुरा. ताकद इतकी हवी, हा दुसरा. सगळे धुरे मिळून एक वावर तयार होतं आणि त्यातल्या कुठल्याही जागी उभं राहिलात तरी अटी पाळल्या जातात. खर्चाचा उतार त्या वावरात एकाच दिशेला आहे. उतरत गेलात की धुऱ्याला अडता, मग धुऱ्याधुऱ्याने सरकता आणि शेवटी दोन धुरे मिळतात त्या कोपऱ्यात येता. सर्वांत स्वस्त उत्तर अशाच एखाद्या कोपऱ्यात सापडतं. म्हणून मधलं वावर तुडवायचंच नाही, एका कोपऱ्यावरून शेजारच्या स्वस्त कोपऱ्यावर जायचं. डँट्झिगची सिम्प्लेक्स ती हीच.

पुढे डँट्झिगने संगणकाकडून स्वतःसाठी वजन उतरवायचा आहार काढून घेतला, तेव्हा यंत्राने त्याला शेकडो गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितलं. अमुक एक गोष्ट माणसाला किती गिळवते, हा धुरा घालायचा राहून गेला होता. मगनवाडीत ही चूक टिकलीच नसती. ज्याने वाढलं तोच शेजारी बसून खात होता, न पचलेलं दुसऱ्या दिवशी पानातून जात होतं. गणिताची रीत डँट्झिगचीच थोर, यात शंका नाही. पण कोणत्या अटी घालायच्या, हे ठरवणं मला अधिक अवघड वाटतं, आणि ते धुरात बसलेल्या त्या माणसांना जास्त चांगलं जमलं होतं.

परत या. गाडी तुम्हाला आजच्या वर्ध्यात सोडते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, तूर आणि नजर पोचेल तिथवर सोयाबीन. टांगेवाल्याने न पाहिलेला दाणा आता पोत्यांनी मोंढ्यावर जातो, तेलगिरणीत शिरतो, पेंड कोंबड्यांच्या खुराड्यात जाते. जिल्ह्याच्या ताटात तो क्वचितच येतो.

घोळ अजून उगवते, पावसाळ्यात, त्याच सोयाबीनच्या ओळींमध्ये. तणनाशक पडायच्या आधी एकदा धुऱ्यावर जा आणि मूठभर खुडून घरी आणा.