व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज
व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज (व्हीएसओ) : परदेशांत स्वयंसेवक पाठविणारी ब्रिटिश विकाससंस्था. अ‍ॅलेक डिक्सन व त्यांच्या पत्नी मोरा यांनी ती १९५८ मध्ये स्थापन केली. आरंभी नुकतेच शाळा संपविलेले तरुण राहण्याजेवणाची सोय व हातखर्च एवढ्यावर काम करीत. १९८० पर्यंत अकुशल स्वयंसेवक पाठविणे थांबले आणि सेवेचा काळ दोन वर्षांचा झाला. शिक्षक, परिचारिका यांच्याबरोबर पुढे जनवकिलीचे जाणकारही नेमले जाऊ लागले. अपंग, स्त्रिया, एचआयव्हीबाधित अशा वंचितांच्या स्थानिक संघटनांत राहून कायद्यातील तरतुदी शोधणे, लोकांचे अनुभव नोंदविणे, निवेदनाचा मसुदा तयार करणे ही या जाणकारांची कामे. अधिकाऱ्यांशी बोलणी स्थानिक कार्यकर्त्यांनीच करावीत, असा संकेत असतो. स्वयंसेवक परतल्यावरही पाठपुरावा चालू राहणे, ही या कामाची खरी कसोटी होय.