कुकडीकाठची राख
पर्यावरणविज्ञानात नव्याने येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी, गाळाच्या थरांमध्ये एक फिकट राखाडी पट्टा आहे. त्यातली चिमूट बोटांत चोळली तर पिठासारखी मऊ लागते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिच्यात काचेचे बारीक, वाकडे, धारदार तुकडे दिसतात. ज्वालामुखीच्या उद्रेकात फुटलेल्या बुडबुड्यांच्या त्या भिंती. आपला दख्खनचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच, पण तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा आणि सिलिका कमी असलेला. ही राख सिलिकाने समृद्ध आहे. ती आली सुमारे तीन हजार किलोमीटरवरून, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून.

पर्यावरणविज्ञानाची ओळख करून देताना मी या पट्ट्यापासून सुरुवात करतो, कारण या क्षेत्रातलं समाधान कशात आहे ते इथे नीट कळतं.

1980च्या दशकात विश्वास काळे, शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोरीला अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारं नोंदवली. मग राखेचं वय काढायचे प्रयत्न सुरू झाले. 1989 साली उत्तर आलं, सुमारे 14 लाख वर्षं. 1995 साली दुसऱ्या पद्धतीने ते सुमारे 6 लाख 70 हजारांवर आलं. त्याच सुमारास काचेच्या कणांची रासायनिक घडण तपासणारे म्हणत होते की ही राख टोबाच्या सर्वांत अलीकडच्या महास्फोटाची, म्हणजे सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीची आहे. 2014 साली एकेका कणाच्या रासायनिक विश्लेषणाने त्या मताला बळकटी दिली. तरी हत्यारांच्या वयाचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. राख पाण्याबरोबर वाहून दुसरीकडे साचू शकते आणि जुनी हत्यारं नव्या गाळात येऊ शकतात. म्हणून राख, गाळ आणि हत्यारं या तिन्हींचं वय वेगवेगळं तपासावं लागतं.

14 लाखांवरून 75 हजारांवर येणं ही कुणाची फजिती नव्हे. पहिल्यांनी थर नोंदवला, मोजला, छापला, म्हणून पुढच्यांना तो तपासता आला. आपला आकडा उद्या दुसऱ्याने दुरुस्त केला तर ज्याला आनंद होतो, तो या क्षेत्रात आयुष्यभर रमतो.

नोंदी तपासल्या की पक्का वाटणारा समजही बदलतो, हा धडा जुन्नरच्या उसानेही दिला आहे. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि त्या दाट आडोशात बिबटे राहू लागले. शेतशिवारात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात सोडायचे, हा उपाय कुणालाही पटावा असाच होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी जुन्नर वनविभागातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा उलटंच दिसलं. स्थलांतराची मोहीम सुरू होण्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, नंतर ते 17 झाले. पहाटे उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या बाईच्या जिवाशी या आकड्यांचा थेट संबंध आहे. डोंगरउतारांचंही तसंच: शेजारच्या आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014च्या सकाळी डोंगर खचून माळीण गाव गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. उतार, माती आणि पाऊस यांचं गणित हाही आपल्याच अभ्यासाचा भाग आहे.

म्हणून या क्षेत्रात येताना भूगोल, रसायन, जीवशास्त्र, संख्याशास्त्र यांपैकी एक विषय मुळापासून शिका आणि बाकीच्यांशी बोलता येईल इतकी ओळख ठेवा. बोरीची राख एकट्या भूशास्त्रज्ञाला उलगडली नसती आणि बिबट्याचा प्रश्न एकट्या प्राणिशास्त्रज्ञाला. कामाच्या वाटा अनेक आहेत: विद्यापीठं आणि संशोधन संस्था, भूजल सर्वेक्षण, प्रदूषण नियंत्रण मंडळ, वनविभाग, कारखान्यातली सांडपाणी प्रक्रिया, प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल, गावपातळीवरच्या संस्था. पगार आणि मान सगळीकडे सारखा नाही. कधी गैरसोयीचा निष्कर्ष बदलावा म्हणून दबावही येईल. तेव्हा तारखेनिशी लिहिलेली वही तुमच्या पाठीशी उभी राहील.

आणखी एक सवय लावून घ्या. एक जागा आपली माना आणि तिथे वर्षानुवर्षं जात राहा. उन्हाळ्यात विहिरीला किती हात पाणी उरलं, पुराची खूण कुठवर चढली, काठावरचं कुठलं झाड गेलं, हे लिहून ठेवा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांची आठवण नोंदवा आणि तपासूनही घ्या. शिकलेलं परत त्यांना मराठीत सांगा, कारण त्या जागेवर पहिला हक्क त्यांचा आहे.

विषयाच्या उंबरठ्यावर तुमचं मनापासून स्वागत. सुरुवातीला उपकरणं नसली तरी चालेल. या रविवारी आपल्या गावच्या ओढ्यावर जा, काठ जिथे कापला गेलाय तिथे उभे राहा आणि थर मोजा.