घोड्याचे अंथरूण : खूर, नाक आणि फुप्फुस

‘घोडा तर उभ्यानेच झोपतो, मग त्याला अंथरूण कशाला?’ असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरे. पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवे व्हावेच लागते. शिवाय ठाणावर बांधलेला घोडा दिवसभरात कित्येक लिटर मूत्र आणि पंधरा-वीस किलो लीद त्याच जागी टाकतो. तेव्हा त्याच्या पायाखाली असे काहीतरी हवे की जे मऊ असेल, ओल शोषून घेईल आणि ज्याची धूळ उडणार नाही. या तीन अटींपैकी तिसरी अट माणसाला सर्वांत उशिरा उमगली. असे का झाले, ते आपण पाहू.

पहिली काळजी खुरांची

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफॉन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर एक छोटा ग्रंथ लिहिला. ओलसर आणि गुळगुळीत जमीन चांगल्या खुरांचीही नासाडी करते, असे तो बजावतो. त्यावर त्याने सुचवलेला उपाय म्हणजे जमिनीला उतार द्यावा आणि खुराएवढे दगड एकमेकांना लागून बसवावेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात प्रत्येक घोड्यासाठी चौरस जागा, तिच्यात गुळगुळीत फळ्यांची जमीन आणि मलमूत्र बाहेर जाण्याची सोय सांगितली आहे. एकाने दगड निवडला, दुसऱ्याने लाकूड. पण दोघांचा शत्रू एकच, तो म्हणजे ओल. सतत ओल्यात उभ्या राहणाऱ्या घोड्याचे खूर मऊ पडतात आणि तळव्याच्या खाचांत सडू लागतात. हे डोळ्यांना दिसते, म्हणून ते लवकर कळले.

तबेल्यातला सोरा

मूत्रातील युरियाचे विघटन जिवाणूंमधील युरिएज या विकरामुळे होते आणि अमोनिया वायू तयार होतो. तबेल्यात शिरताच डोळ्यांना झोंबतो तो हाच. जमीन मातीची असेल तर मातीतील दुसरे जिवाणू या अमोनियाचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात. त्यापासून सोरा मिळतो आणि सोऱ्यापासून बंदुकीची दारू.

यातून एक विपरीत गोष्ट घडली. १६२०च्या दशकात इंग्लंडच्या राजाने फर्माने काढून तबेल्यांच्या जमिनीवर दगड-विटांची फरसबंदी करण्यास मनाई केली. राजाची माणसे येऊन लोकांच्या तबेल्यांतील मूत्र मुरलेली माती खणून नेत. झेनोफॉनने दोन हजार वर्षांपूर्वी जे करायला सांगितले होते, नेमके तेच आता गुन्हा ठरले. घोड्याच्या खुरांपेक्षा राज्याला दारूगोळा महत्त्वाचा होता!

शहरे आणि पीट

युरोपात अंथरुणासाठी प्रामुख्याने गव्हाचे काड वापरत. एकोणिसाव्या शतकात शहरे वाढली आणि घोड्यांची संख्याही वाढली. १८९०च्या सुमारास लंडनच्या एकट्या जनरल ऑम्निबस कंपनीकडे सुमारे दहा हजार घोडे होते. आपल्या मुंबईतही ९ मे १८७४ रोजी घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या होत्या. एवढ्या घोड्यांसाठी रोज खेड्यांतून काड आणणे खर्चाचे होते. तेव्हा पर्याय म्हणून पीट पुढे आले.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेले, अर्धवट कुजलेले शेवाळ. स्फॅग्नम जातीच्या या शेवाळात मोठ्या, पोकळ, मृत पेशी असतात. त्यांच्या भित्तिकांना छिद्रे असतात आणि त्यांतून शिरलेले पाणी आत साठून राहते. त्यामुळे पीट स्वतःच्या कोरड्या वजनाच्या दहापटीहून अधिक पाणी धरू शकते. शिवाय ते आम्लधर्मी असते. त्यामुळे अमोनियाचे अमोनियम क्षारात रूपांतर होऊन तो हवेत उडत नाही आणि वासही कमी येतो. नेदरलँड्समध्ये १८८५च्या सुमारास या धंद्यावर ग्रीन्ट्सफेन नावाचे गाव वसले. इंग्लंडमधील थॉर्न मूर्स येथेही डच कामगारांनी घोड्यांच्या अंथरुणासाठी पीट खोदले. पुढे मोटारी आल्या. २५ ऑक्टोबर १९११ रोजी लंडनच्या त्या कंपनीची शेवटची घोडागाडी धावली आणि ही मागणी ओसरली. आज थॉर्न मूर्स हे राष्ट्रीय संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. पीटमध्ये हजारो वर्षांचा कार्बन साठलेला असतो.

अशा रीतीने खुरांचा आणि नाकाचा प्रश्न बराचसा सुटला. राहिला तो फुप्फुसाचा.

धाप लागणारा घोडा

१६९८ साली इंग्लंडमधील डॉक्टर जॉन फ्लॉयर यांनी दम्यावर ग्रंथ लिहिला. ते स्वतः दम्याचे जुने रोगी होते. धाप लागणाऱ्या एका घोडीच्या शवविच्छेदनात तिची फुप्फुसे फुगलेली आढळल्याचे त्यांनी त्यात नोंदवले आहे. माणसाच्या आणि घोड्याच्या आजाराकडे त्यांनी एकत्रच पाहिले होते. पण याचे कारण काय, हे कळायला जवळजवळ तीन शतके लागली.

अडचण अशी होती की, सोनेरी, कोरडे काड स्वच्छ दिसते. कवडशात दिसणारी जाड धूळ बहुतांशी नाकातच अडकते. खरा अपाय करतात ते पाच मायक्रोमीटरपेक्षा लहान कण. ते थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. त्यात बुरशीचे आणि उष्णताप्रिय जिवाणूंचे बीजाणू असतात. गवत किंवा काड ओलसर असतानाच गठ्ठे बांधले की ते आतून तापते आणि हे जीव फोफावतात. पुढे ते वाळले की बीजाणू धुळीबरोबर उडतात. स्वस्थ उभा असलेला घोडा मिनिटाला साठ-सत्तर लिटर हवा आत घेतो, तीही फक्त नाकाने. त्याला तोंडाने श्वास घेता येत नाही.

उलगडा झाला तो आधी माणसांमध्ये. बुरसलेले गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या फुप्फुसाच्या आजाराची नोंद १९३२ साली इंग्लंडमध्ये झाली आणि १९६३ साली जॅक पेपीस व सहकाऱ्यांनी त्याचा संबंध या उष्णताप्रिय जिवाणूंशी जोडून दाखवला. १९६४ साली अमेरिकेत फ्रान्सिस लॉवेल यांनी घोड्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. तबेल्यात वाळलेल्या गवतावर धाप वाढते, मोकळ्या कुरणात ती शमते. २०१६ साली तज्ज्ञांनी या आजाराला ‘घोड्यांचा दमा’ हेच नाव स्वीकारले. फ्लॉयर यांची दृष्टी अचूक होती.

निवड कशी करावी?

येथे एक पेच आहे. पदार्थ जितका बारीक, तितके त्याचे पृष्ठफळ जास्त आणि शोषणही सहसा चांगले. पण तितकीच त्याची धूळही जास्त. म्हणून बारीक लाकडी भुशापेक्षा धूळ चाळून काढलेले रंध्याचे छिलके बरे ठरतात. मात्र त्यात काळ्या अक्रोडाचे लाकूड नसावे, कारण त्यामुळे काही तासांतच खुरांना सूज येते. कागदाचे कपटेही वापरतात. पण अंथरूण कोणतेही असो, ते झाडताना घोडा बाहेर काढावा आणि ओला भाग रोज उचलावा.

विद्यार्थ्यांकडून एक सोपा प्रयोग करून घेता येईल. भाताचा पेंढा, लाकडाचा भुसा, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि कागदाचे कपटे हे सारख्या वजनाचे, न बुरसलेले नमुने घ्यावेत. ते फडक्यात बांधून पाण्यात भिजवावेत, निथळू द्यावेत आणि पुन्हा वजन करावे. मग तितकेच कोरडे नमुने झाकणाच्या बरणीत हलवून, आत टांगलेल्या चिकटपट्टीवर बसलेली धूळ भिंगाखाली पाहावी. दोन्ही कसोट्यांत एकच पदार्थ पहिला येतो का, हे मुलांनीच ठरवावे.

आणि एवढे आवर्जून सांगावे, की त्या तबेल्यातली हवा घोडा एकटा घेत नाही. रोज ते अंथरूण झाडणारा मोतद्दारही तीच हवा घेतो.